रत्नागिरीत अकरा महिने : समुद्राकाठी राहायला जाण्यापूर्वी



गेल्या कोजागिरीला मंडळाच्या गच्चीवर दूध घेताना आमच्याच वयाच्या एका दांपत्याने सांगितले, "आम्ही बडोद्याचा फ्लॅट विकून कोकणात जाणार. समुद्राजवळ घर घ्यायचं, शांत राहायचं. तुम्ही राहून आलात ना? सांगा काहीतरी." तिथे उभ्या उभ्या जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. पण नंतर असेच प्रश्न आणखी तिघा-चौघांनी विचारले, तेव्हा वाटले की एकदा नीट लिहूनच काढावे.

आम्ही दोघे निवृत्तीनंतर नोव्हेंबर ते सप्टेंबर असे अकरा महिने रत्नागिरी शहरात भाड्याच्या घरात राहिलो. पुढे जे लिहिले आहे ते त्या अनुभवावरून. चार दिवस फिरायला जाणाऱ्यालाही त्याचा उपयोग होईल आणि कायमचे जाऊ म्हणणाऱ्याला तर नक्कीच.

रत्नागिरीच का?

समुद्र आपल्याला परका नाही. बडोदे संस्थानाला स्वतःचा किनारा होता. द्वारका, ओखामंडळ, कोडिनार हा सगळा मुलूख गायकवाडांचा. पण आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे, कुलदैवते रत्नागिरी जिल्ह्यात आहेत. घरात "आमचं कोकणातलं घर" असे तीन पिढ्या म्हणतात आणि ते घर कोणी पाहिलेले नसते! आमचेही तसेच होते.

शिवाय रत्नागिरी हे जिल्ह्याचे ठिकाण आहे. बाजार, बँका, महाविद्यालय, रेल्वे, सरकारी रुग्णालय सगळे आहे आणि समुद्र रिक्षाच्या अंतरावर. गणपतीपुळे किंवा एखादे लहान गाव सुट्टीला छान, पण आमच्या वयाला रोजच्या राहण्यासाठी शहर बरे.

जाणे-येणे

गुजरातेतून कोकण रेल्वेमार्गे केरळकडे जाणाऱ्या काही गाड्या बडोद्याहून सुटतात किंवा बडोद्यावरून जातात. ओखा–एर्नाकुलम, गांधीधाम–नागरकोईल, वेरावळ–तिरुवनंतपुरम अशा गाड्या सुरत, वसई रोड, पनवेल करत रत्नागिरीला नेतात. मुंबईत गाडी बदलावी लागत नाही, हा मोठा फायदा. प्रवास साधारण बारा-तेरा तासांचा. मात्र यातील बहुतेक गाड्या आठवड्यातून एकदाच असतात, म्हणून आधी गाडीचा वार पाहावा आणि मग बाकीचा बेत ठरवावा.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते. गणपती, दिवाळी आणि मे महिन्यात पहिल्या दिवशीच तिकिटे संपतात. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती हिशेबात धरू नका. आणि जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक असते. दरडींच्या भीतीने गाड्या हळू चालवतात आणि वेळा बदलतात.

स्टेशन गावाबाहेर, शहरापासून सहा-सात किलोमीटरवर आहे. रिक्षात बसण्यापूर्वी भाडे ठरवून घ्यावे. आणि बडोद्यासारखे सपाट रस्ते मनातून काढून टाका. हे गाव चढउतारांचे आहे. नकाशात अर्धा किलोमीटर दिसणारे अंतर गुडघ्यांना दोन किलोमीटर वाटते. घर पाहताना आम्ही पहिला प्रश्न "चढ किती?" हा विचारायला शिकलो.

भाड्याचे घर आणि कागदपत्रे

गुजरातेत आपण अकरा महिन्यांचा भाडेकरार स्टॅम्पपेपरवर करून नोटरीकडे नेतो आणि विषय संपतो. महाराष्ट्रात तसे चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे 'लिव्ह अँड लायसन्स' करार कितीही महिन्यांचा असला तरी त्याची नोंदणी सक्तीची आहे आणि ती करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी ऑनलाइन होते; आधार आणि अंगठा लागतो. "कशाला खर्च, आपला विश्वास आहे" असे कोणी म्हणाले तर नम्रपणे सांगा की विश्वास आहेच, नोंदणीही असू द्या. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही द्यावी लागते.

बँकेचे म्हणाल तर काही हलवू नका. पेन्शन खाते, लॉकर, पत्ता सगळे बडोद्यातच राहू द्या. एटीएम आणि मोबाइलवर दैनंदिन व्यवहार भागतात. हयातीचा दाखला नोव्हेंबरात आता डिजिटल देता येतो. मोबाइलवर चेहरा दाखवून आमचे काम घरबसल्या झाले. फक्त आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू ठेवा.

घर निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

– पाणी कुठून येते? नळ, विहीर की बोअर? मे महिन्यात काय होते, ते शेजाऱ्याला विचारा, मालकाला नाही. आमच्याकडे मेच्या शेवटी नळाला रोज पाणी येत नव्हते. विहीर होती म्हणून निभावले.
– भिंती जांभ्या दगडाच्या असतील तर गिलावा कसा आहे? पावसाळ्यात ओल कुठपर्यंत येते, त्याची खूण भिंतीवर दिसते.
– वीज गेल्यावर इन्व्हर्टर आहे का?
– शेजार आहे का? एकटे, झाडांत लपलेले घर फोटोत सुंदर दिसते. रात्री मदतीला हाक मारायची तर ऐकणारे कोणी हवे.

समुद्र जवळ असला की खारा वारा सगळे खातो. खिडकीच्या बिजागऱ्या, स्कूटरचा सायलेन्सर, एसीचे बाहेरचे युनिट, गॅसची शेगडी, काहीच सुटत नाही. आमच्या नव्या इस्त्रीवर वर्षभरात गंजाचे ठिपके आले. म्हणून महागडे सामान नेऊ नका. आणि किनाऱ्यालगतच्या घरापेक्षा एक-दोन किलोमीटर आत, उंचावरचे घर चांगले.

समुद्र : पाहण्याचा आणि पोहण्याचा

शहराला समुद्र दोन-तीन बाजूंनी भेटतो. मांडवीची काळी वाळू आणि धक्का संध्याकाळी बसायला उत्तम. भेळ, मक्याचे कणीस सगळे मिळते. काजळी नदीच्या मुखाशी पूल ओलांडला की भाट्ये. लांबच लांब सपाट किनारा, मागे सुरूची झाडे आणि शेजारी नारळ संशोधन केंद्र. सकाळी चालायला यासारखी जागा नाही. पांढऱ्या वाळूचा किनारा हवा तर पांढरा समुद्र आहेच. आरे-वारेचा रस्ता समुद्राला धरून गणपतीपुळ्याला जातो. अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर, आणि वरून दिसणारे दृश्य गाडी थांबवायला लावते.

आता महत्त्वाचे. हा समुद्र दिसतो तेवढा सरळ नाही. आपण बडोदेकर कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाच्या दर्शनाला जातो. तिथे भरतीचे पाणी पूर्ण देऊळ गिळते आणि ओहोटीला परत मोकळे करते. तिथे आपण भरतीची वेळ विचारूनच जातो ना? मग कोकणात का विचारत नाही?

नाताळात आमची मुलगी आणि नातू आले होते. नातू दहा वर्षांचा, बडोद्याच्या स्विमिंग पूलमध्ये पदक मिळवलेला. गुडघाभर पाण्यात उभा होता. ओहोटी लागली होती, ते आम्हाला कळलेच नाही. दोन लाटांत पायाखालची वाळू सरकली आणि तो कमरेएवढ्या पाण्यात गेला. जाळे सुकवणारा एक माणूस ओरडत धावला आणि त्याने त्याला हाताला धरून बाहेर आणले. आम्हाला म्हणाला, "काका, पाणी आत जाताना पोराला सोडायचं नाही. पोहता येणं निराळं आणि समुद्र निराळा." त्यानेच आम्हाला भरतीचा हिशेब शिकवला. आकडेमोडीत आयुष्य गेल्यामुळे तो लगेच पटला, म्हणून इथे देतो.

तिथीला पाऊणने गुणायचे. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीनच्या सुमारास आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासून. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, घड्याळाचा काटा नाही; अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण कॅलेंडर पाहून किनाऱ्यावर जाण्याइतका तो पुरतो.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती, पाणी जास्त वर येते आणि जास्त मागे जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे सौम्य. मुलांना पाण्यात न्यायचेच असेल तर भांगाचे दिवस, पाणी चढत असतानाची वेळ आणि गुडघ्यापर्यंतच पाणी, ही तिन्ही बंधने पाळा. गणपतीपुळे आणि आरे-वारे येथे पर्यटक बुडाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येतात. फलक लावलेले असतात, ते वाचा. जून ते सप्टेंबर पाण्यात पाऊलही नको. कोळी बांधवसुद्धा १ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात होड्या काढत नाहीत आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मग नव्या हंगामाला सुरुवात करतात. त्यांना समुद्र कळतो, आपल्याला नाही.

खाणेपिणे

मासे खाणाऱ्यांची चैन आहे. मिरकरवाडा हे मोठे मासेमारी बंदर. सुरमई, पापलेट, बांगडा ताजा मिळतो. पहिल्या दिवशी भाव करू नका, आधी दोन दिवस इतर काय देतात ते पाहा. आम्ही आपापसांत गुजरातीत बोलून भाव ठरवायचो. चौथ्या दिवशी कोळीण म्हणाली, "केम छो ताई?" तेव्हापासून मराठीतच बोललो.

शाकाहारी मंडळींना घावन, आंबोळी, काजूची उसळ, फणसाची भाजी, सोलकढी हे सगळे आवडेल. आपली शेव-उसळ आणि पापडी-लोटचा नाश्ता मात्र विसरा. तुरीच्या डाळीत गूळ घातला की शेजारीण हसत असे. नंतर तीच वाटी घेऊन येऊ लागली.

हापूसचा खरा हंगाम एप्रिल-मे. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तरी 'रत्नागिरी' छापलेल्या प्रत्येक पेटीतला आंबा रत्नागिरीचा असतोच असे नाही. ओळखीच्या बागायतदाराकडूनच घ्यावा.

पाहण्याजोगे

चार दिवसांच्या पाहुण्यांना आम्ही असे फिरवायचो. पहिल्या दिवशी टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थान आणि १९३१ साली सावरकरांच्या प्रेरणेने, भागोजी शेठ कीर यांच्या खर्चाने उभे राहिलेले पतितपावन मंदिर. दुपारी थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत करून पुढे इथे आणले. राजवाडा १९१० च्या सुमारास बांधून झाला आणि १९१६ साली राजा इथेच वारला. त्या राजवाड्याच्या गच्चीतून समुद्र आणि खाडी दिसते. तीस वर्षे समुद्राकडे पाहत बसलेल्या राजाचा विचार आमच्या मनात पुढे जुलै महिन्यात बऱ्याच वेळा आला.

दुसऱ्या दिवशी रत्नदुर्ग आणि भगवतीचे देऊळ. किल्ल्याच्या तीन बाजूंना समुद्र आहे. तिसऱ्या दिवशी पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी. चौथ्या दिवशी गणपतीपुळे. राहणाऱ्यांसाठी आणखी एक ठिकाण : रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय. १८२८ सालची ही संस्था आहे. आम्ही पहिल्याच आठवड्यात सभासद झालो. नव्या गावात ओळखी व्हायला वाचनालय आणि देऊळ या दोनच जागा खऱ्या.

पावसाळा

हा भाग नीट वाचावा, कारण डिसेंबरात कोकण पाहून घर घेणारे याच ठिकाणी फसतात.

बडोद्याचा वर्षभराचा पाऊस ९०० मिलिमीटरच्या आसपास. रत्नागिरीचा ३००० च्या आसपास. विश्वामित्रीचा २०२४ चा पूर आपण पाहिला आहे, त्यामुळे पावसाची भीती आपल्याला नाही असे आम्हालाही वाटत होते. पण आपला पूर चार दिवसांचा असतो. इथे पाणी साचत नाही, उतारावरून वाहून जाते. पण पाऊस थांबत नाही. एकदा सलग नऊ दिवस ऊन दिसले नाही. कपडे वाळत नाहीत, चपलांना बुरशी, पुस्तकांना बुरशी, मसाल्याच्या डब्यात ओल. आमच्या मुदत ठेवीच्या जुन्या पावत्यांना पिवळे डाग पडले. मूळ कागदपत्रे बडोद्यालाच ठेवून जा. वीज जाते आणि ती सावकाश येते. अंगणात टॉर्चशिवाय पाऊल टाकू नये. फुरसे हा लहान पण विषारी साप या भागात बराच आढळतो.

वादळांचे प्रमाणही हल्ली वाढले आहे. मे २०२१ मधील तौक्ते वादळ रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून पुढे सरकत दुसऱ्या दिवशी गुजरातेत उनाजवळ धडकले होते. हवामान खात्याचा इशारा आला की घराबाहेर पडायचे नाही, हे तिथले लोक न सांगता पाळतात.

असे असूनही खरे सांगतो, कौलांवरून पागोळ्या पडत आहेत, समोर भाताची हिरवी खाचरे आहेत आणि हातात चहा आहे, अशी दुपार बडोद्यात मिळाली नाही.

औषधपाणी

जुलैतली एक रात्र. अकराच्या सुमारास आमच्या दोघांपैकी एकाच्या छातीत जड वाटू लागले, घाम फुटला. कोणाच्या, ते लिहीत नाही. लिहिले की ओळखीचे सगळे त्यालाच उपदेश करतात. वीज संध्याकाळपासून नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. शेजारच्या घरमालकीण काकूंना हाक मारली. त्यांच्या मुलाने रिक्षा काढली आणि त्या पावसात आम्हाला रुग्णालयात नेले. प्रथमोपचार उत्तम झाले, डॉक्टर रात्रभर जागे होते. पण पुढील तपासणीसाठी आम्हाला कोल्हापूरला जायला सांगितले. सुमारे १३० किलोमीटर, वाटेत आंबा घाट, धुके आणि पाऊस. सकाळी रुग्णवाहिका निघाली. चार तासांहून अधिक वेळ लागला. त्या चार तासांत आम्ही एकमेकांशी फारसे बोललो नाही. एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला, स्टेंट बसवला, आणि आज सगळे ठीक आहे.

बडोद्यात आमच्या घरापासून दहा मिनिटांवर हृदयरोगाचे रुग्णालय आहे. आम्ही त्या घराची किंमत आयुष्यभर चौरस फुटांत मोजली होती. त्या दिवशी ती मिनिटांत मोजली.

म्हणून जाण्यापूर्वी एवढे करा :

– मेडिक्लेमच्या कॅशलेस यादीत रत्नागिरी आणि कोल्हापूर येथील कोणती रुग्णालये आहेत, ते लिहून ठेवा.
– आपल्या आजाराचे तज्ज्ञ डॉक्टर तिथे आहेत का, रोज असतात की आठवड्यातून एकदा येतात, हे आधी विचारा.
– दोन महिन्यांची औषधे, जुने रिपोर्ट आणि ईसीजीची प्रत एका फाइलमध्ये ठेवा.
– दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे ठेवा.
– शेजारच्या निदान दोन घरांशी ओळख पहिल्या आठवड्यातच करा. हा उपाय सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी.

घर किंवा जमीन घ्यायची असेल तर

शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. हा नियम गुजरातेप्रमाणे महाराष्ट्रातही आहे. "नंतर एनए करून देतो" या बोलण्यावर पैसे देऊ नका. कोकणात सातबारावर एकेका तुकड्याला पंधरा-वीस सामाईक नावे असतात; त्यातली निम्मी मंडळी मुंबईत. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय व्यवहार पूर्ण नाही. किनाऱ्याजवळ बांधकामाला समुद्रकिनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध लागू असतात. वडिलोपार्जित घरात हिस्सा असेल तर आधी नाव लावून घ्या, मग दुरुस्तीचे स्वप्न पाहा. आम्ही दोघांनी मिळून तारण कर्जाचे इतके कागद तपासले आहेत की एवढेच सांगतो, स्थानिक वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेतल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नये.

आमचा ताळेबंद

सप्टेंबरात करार संपला. काकू म्हणाल्या, "वाढवता का?" आम्ही बडोद्याला परत आलो. फ्लॅट विकला नव्हता, ही त्या वर्षातली आमची सर्वांत शहाणपणाची गोष्ट. विकला असता तर कुठे परत आलो असतो?

पण कोकण सोडलेलेही नाही. आता दरवर्षी डिसेंबर-जानेवारी असे दोन महिने त्याच घरात, त्याच काकूंकडे जातो. नातवाला तिथीचा पाढा येतो; फोनवर तोच सांगतो, "आजोबा, आज षष्ठी, साडेचारला भरती."

जाऊ इच्छिणाऱ्या सभासदांना आमचे सांगणे एवढेच. जरूर जा. पण आधी भाड्याने राहा, आणि त्यात एक पूर्ण पावसाळा काढा. जुलै आवडला तर घर घ्या. तोपर्यंत बडोद्याच्या घराची किल्ली कोणाला देऊ नका. ज्यांना आणखी काही विचारायचे असेल त्यांनी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात जरूर भेटावे. कागदपत्रांची यादी आम्ही सोबत आणू.